जुन्या शिडाच्या नौकेवरील सैल फिटिंग : गोव्याच्या हवेत करावयाची दुरुस्ती

कठड्याचा खांब हाताने धरून हलवला आणि त्याच्या बैठकीच्या कडेला पाण्याचा बारीक बुडबुडा आला, तर पाना हातात घेण्यापूर्वी थांबावे. जुन्या फायबरच्या नौकेवर सैल झालेले फिटिंग नुसते आवळणे ही दुरुस्ती नव्हे. नट आवळल्याने खांब महिनाभर घट्ट वाटतो. परंतु तो सैल होण्याचे कारण डेकच्या पोटात असते आणि आवळलेला बोल्ट ते कारण दूर करण्याऐवजी वाढवतो. क्लीट (दोर बांधण्याची शिंगासारखी खुंटी), कठड्याचे खांब, विंच (दोर ओढून ताणण्याचे फिरते यंत्र), हातकठडे आणि दोऱ्यांचे ब्लॉक अडकवण्याच्या कड्या यांपैकी काहीही सैल झाले, तर ते पूर्ण काढावे, त्याखालचे भोक कायमचे बंदिस्त करावे आणि मगच ते पुन्हा बसवावे. ही रीत माझी नाही, सर्वत्र हीच चालते. तिच्यात गोव्याच्या हवेमुळे जे फरक करावे लागतात, ते मात्र मांडवीच्या काठी स्वतःच्या २८ फुटी नौकेवर तीन उन्हाळे काम करून मला समजले आहेत, आणि या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

डेकच्या पोटात काय असते

१९७० आणि १९८०च्या दशकांत बांधलेल्या अनेक फायबरच्या नौकांचा डेक एकसंध नसतो. वर तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा फायबरग्लासचा थर, खाली त्याहून थोडा पातळ थर आणि मध्ये दहा-बारा मिलिमीटरचा हलका गाभा अशी त्याची रचना असते. हा गाभा बहुधा बाल्सा लाकडाचा, काही नौकांत प्लायवूडचा, तर काहींत फोमचा असतो. दोन थरांमध्ये अंतर राहिल्यामुळे डेक हलका असूनही ताठ राहतो, ही त्या रचनेची खुबी आहे. हे ताठपण मात्र गाभा कोरडा आणि दोन्ही थरांना चिकटलेला असेपर्यंतच टिकते.

बोल्ट या तिन्ही थरांतून आरपार जातो. कारखान्यात भोक पाडताना गाभ्याच्या उघड्या कडा बंद केल्या नसतील, आणि बहुसंख्य जुन्या नौकांत त्या केलेल्या नसतातच, तर बोल्टाभोवतीचे सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा लवचीक लेप, म्हातारे झाल्याच्या दिवसापासून पाणी आत शिरू लागते. ओला गाभा मऊ होतो आणि बोल्टाच्या दाबाखाली दबतो. दबला की नट सैल पडतो, फिटिंग हलते, सीलंट आणखी फाटते आणि पाणी आणखी आत जाते. अशा वेळी नट आवळला, तर मऊ गाभा आणखी चेपला जातो आणि फिटिंगभोवती डेकला खळगा पडतो. त्या खळग्यात पावसाचे पाणी साचून राहते.

गोव्यात लाकडी होड्यांचा अनुभव असलेल्या माणसांना ही गोष्ट पटवून सांगावी लागते, कारण लाकडी होडीचा स्वभाव नेमका उलट आहे. उन्हात सुकलेली होडी पाण्यात लोटली की सुरुवातीला गळते, मग फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. फायबरच्या डेकमध्ये शिरलेले पाणी काहीही मिटवत नाही आणि त्याला बाहेर पडायला वाटही नसते. म्हणून लाकडाचा गाभा वाईट, असे मात्र समजू नये. मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेच्या बांधणीत लाकडी गाभ्यावर फायबरग्लास आहे, आणि तिने एकट्या नाविकाला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या आहेत. लाकडापर्यंत पाणी पोचू न देणे एवढेच पथ्य असते.

कठड्याचे खांबच सर्वांत आधी का सैल होतात, हे साध्या हिशेबाने समजते. खांब सुमारे ६० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याच्या बैठकीतल्या आतल्या व बाहेरच्या बोल्टांमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर अंतर असते. म्हणजे खांबाच्या वरच्या टोकाला दिलेला रेटा बैठकीपाशी आठपट होतो. धक्क्यावरून चढणाऱ्या माणसाने खांब धरून ५० किलोचा भार टाकला, तर आतल्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून ४०० किलोंच्या आसपास ओढ येते. यासाठी नौकेवर चढताना खांबाला धरून अंग वर ओढू नये, हे पाहुण्यांना आवर्जून सांगावे. क्लीटची गोष्ट वेगळी. पणजीसमोर नांगरलेल्या नौकेला फेरीबोटी आणि कॅसिनोच्या जहाजांकडे ये-जा करणाऱ्या बोटी यांच्या लाटा दिवसरात्र हेलकावे देत असतात. प्रत्येक हेलकाव्याला दोर ताणून झटका देतो आणि तो झटका क्लीटच्या बोल्टांवर येतो. वादळात एकदा बसणाऱ्या धक्क्यापेक्षा वर्षभर बसणारे हे लहान झटके जास्त नुकसान करतात, असे माझे मत झाले आहे.

कामाची वेळ

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि त्याच्या आगेमागे बहुतेक होड्या, ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले असतात. नौका पाण्याबाहेर काढणारी माणसे आणि फायबरचे कारागीर मे महिन्यात याच कामांत गुंतलेले असल्यामुळे, ज्याला डेक उघडायचा आहे त्याने मेची वाट पाहू नये. माझा सल्ला फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात हवा कोरडी असली तरी पहाटे दव भरपूर पडते आणि सकाळी नऊपर्यंत डेक ओला असतो. एप्रिलच्या उत्तरार्धात व मेमध्ये पांढरा डेकही हात ठेववत नाही इतका तापतो आणि इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणारे चिकट रेझिन, भांड्यातच घट्ट होऊ लागते. काहीही झाले तरी मेच्या मध्यापर्यंत शेवटचा नट बसलेला असावा.

कामाच्या जागेवर ताडपत्री किंवा जाड कापडाचा मांडव घालणे ही चैन नव्हे. त्याने ऊन अडते, दव अडते आणि अवेळी आलेली वळवाची सरही अडते. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी सगळा डेक गोड्या पाण्याने धुवावा; मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे मिठाचा थर असलेला डेक दुपारीदेखील पूर्ण कोरडा होत नाही.

तपासणी

स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फिटिंगभोवती सर्व बाजूंनी हलकेच ठोकत जावे. निरोगी डेकचा आवाज टणक आणि आखूड येतो. गाभा सुटला किंवा कुजला असेल तेथे आवाज बसका, पोकळ येतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि सगळ्या खुणा जोडाव्यात, म्हणजे आजाराचा नकाशा तयार होतो. ओलावा मोजण्याचे यंत्र उपयोगी असले तरी किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याचे आकडे फसवे असू शकतात, म्हणून मी कानावर अधिक भिस्त ठेवतो. जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत रंगीत थरावर, फिटिंगच्या कोपऱ्यांतून निघालेल्या केसासारख्या भेगा, बोल्टाखाली केबिनमध्ये उतरलेले तपकिरी ओघळ आणि आतल्या अस्तराला आलेला कुबट वास ही बाकीची लक्षणे. शंका असेल तर फिटिंगभोवती मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा बांध घालून त्यात पाणी भरावे आणि दोन तासांनी खालून पाहावे. एक लक्षात ठेवावे की पाणी आत जेथे ठिबकते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. दोन थरांच्या मधून ते हातभर लांब वाहत येऊ शकते.

फिटिंग उकलणे

या कामाला दोन माणसे लागतात, एक वर डेकवर आणि एक खाली केबिनमध्ये. वरच्याने बोल्टाचे डोके स्थिर धरायचे आणि खालच्याने नट फिरवायचा. आतले अस्तर काढताना त्याचे फोटो घ्यावेत आणि प्रत्येक फिटिंगचे सामान वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवावे. जाम झालेल्या नटावर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडावे. नट निघूनही बैठक सुटत नसेल तर ती पटाशीने उचकटू नये, कारण त्यात वरचा फायबरचा थर गाभ्यापासून उपटून येतो. मासेमारीची बारीक नायलॉन तंगूस किंवा पातळ तार बैठकीखाली घालून करवतीसारखी मागेपुढे ओढावी. जुने सीलंट कापले जाते. ते पॉलियुरेथेनचे असेल तर बोल्टाच्या डोक्यावर सोल्डरिंगची गरम सळई थोडा वेळ टेकवल्यास बोल्ट सुटायला मदत होते.

बाहेर काढलेला प्रत्येक बोल्ट उजेडात धरून पाहावा. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूत समुद्रावर खरी ठरत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचा रक्षक पापुद्रा टिकण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या गाभ्यात अडकलेल्या बोल्टाला तो मिळत नाही आणि खारट पाणी त्याला आतून कुरतडते. डोके आणि टोक चकचकीत, पण मधली कंबर निम्मी झालेली, असा बोल्ट मी माझ्याच पुढच्या क्लीटमधून काढला आहे. वरून पाहून त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. त्यामुळे काढलेले बोल्ट परत वापरू नयेत. नवे घेताना ३१६ प्रतीचे घ्यावेत, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात तेच उपयोगी पडते. अशा बोल्टाच्या डोक्यावर ‘ए४’ ही खूण असते. ‘ए२’ म्हणजे ३०४ प्रत, जी स्वयंपाकघराला पुरते पण डेकला पुरत नाही. दुकानदार लोहचुंबक लावून खात्री पटवू लागला तर त्यावर विसंबू नये, कारण या दोन प्रतींतला फरक चुंबकाने कळत नाही.

भोकाची दुरुस्ती

सगळ्या कामाचा जीव येथे आहे. हेतू असा की बोल्ट पुन्हा कधीही गाभ्याला स्पर्श करणार नाही. तो इपॉक्सीच्या घट्ट नळकांड्यातून जाईल, आणि पुढे केव्हा सीलंट फाटलेच तरी पाणी केबिनमध्ये ठिबकेल, पण गाभ्यात शिरणार नाही.

सर्वप्रथम पातळ प्लायवूडच्या तुकड्यावर बैठकीची भोके उतरवून साचा तयार करावा आणि डेकवर त्याच्या कडांची खूण करून ठेवावी, कारण भोके भरल्यावर मूळ जागा सापडत नाही. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर वरचा थर आणि गाभा यांतून २० मिलिमीटरचे भोक पाडावे. बैठक ते भोक पूर्ण झाकेल एवढी मोठी आहे याची आधी खात्री करावी. खालचा थर कापू नये. ड्रिलच्या बिटाला रंगीत टेप गुंडाळून खोलीची खूण केली म्हणजे हात चुकत नाही. नंतर वाकवलेल्या खिळ्याने भोकाच्या बाजूंचा गाभा कोरून पाहावा. कोरडा बाल्सा फिकट पिवळसर निघतो. ओला तपकिरी, आणि कुजलेला तर चहाच्या चोथ्यासारखा निघतो. जितका मऊ गाभा खिळ्याला लागेल तितका सगळा बाहेर काढावा.

येथे अनेक जण ओला गाभा तसाच ठेवून तो वाळण्याची वाट पाहतात. लहानशा भोकातून बाल्सा महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि कुजलेला गाभा वाळला तरी त्यात बळ परत येत नाही. कोरून काढणे हाच उपाय आहे. खिळा तीन-चार सेंटिमीटर आत जाऊनही ओले लाकूड येत राहिले, तर भोकातून करायची ही दुरुस्ती तेथे अपुरी आहे असे समजावे. अशा वेळी आवाजाच्या नकाशाप्रमाणे वरचा थर कापून उचलावा, कुजलेला गाभा खरवडून काढावा, त्याच जाडीचा नवा गाभा दाट इपॉक्सीत बसवावा आणि प्रत्यक्ष फिटिंगच्या खाली मात्र बाल्साऐवजी भरीव फायबर किंवा उत्तम सागरी प्लायवूड घालावे. वरचा थर परत चिकटवताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना थराच्या जाडीच्या बारापट रुंदीचा उतार घासून त्यावर काचकापडाचे थर द्यावेत. म्हणजे चार मिलिमीटरच्या थराला प्रत्येक बाजूस सुमारे पाच सेंटिमीटर. हे काम मोठे आहे आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने एखाद्या अनुभवी कारागिराला सोबत घ्यावे.

कारागीर सोबत घेतला तर एका बाबतीत आधीच स्पष्ट बोलावे. आपल्याकडचे फायबरचे कारागीर रोजच्या कामात पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यात त्यांचा हात उत्तम बसलेला असतो. परंतु जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला पॉलिएस्टर तितके घट्ट धरत नाही. दुरुस्तीसाठी इपॉक्सीच वापरावे. पॉलिएस्टरमध्ये हवामान पाहून हार्डनरचे, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाचे, थेंब कमी-जास्त करतात, इपॉक्सीत तसे मुळीच चालत नाही. उत्पादकाने दिलेले प्रमाण, मग ते वजनाचे असो की मापाचे, काटेकोर पाळावे. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, कायमचे मऊ राहते. तसेच गाद्यांसारखे विस्कटलेल्या तंतूंचे जे मॅट पॉलिएस्टरसोबत वापरतात, त्याचा बांधणारा पदार्थ बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून विणलेले काचकापड घ्यावे. पॉलिएस्टरचे सामान जागेवर असेलच तर कोबाल्ट (घट्ट होण्याची गती वाढवणारा द्रव) आणि हार्डनर हे दोन द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळू देऊ नयेत, त्यातून आग किंवा स्फोट होतो.

भोकाच्या तळाला खालून चिकटपट्टी घट्ट लावावी. आत प्रथम नुसते पातळ इपॉक्सी कापसाच्या काडीने सगळ्या कडांना चोपडावे, म्हणजे गाभ्याचे उघडे तोंड ते पिऊन घेते. दहा मिनिटांनी उरलेल्या इपॉक्सीत सिलिकाची बारीक पूड मिसळून ते श्रीखंडाइतके दाट करावे आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सुईविना इंजेक्शनच्या पिचकारीने तळापासून वर भरत यावे. वरून ओतल्यास हवा अडकते आणि पुढे ड्रिल करताना पोकळी सापडते.

उष्णतेचा विचार येथे सर्वांत महत्त्वाचा. तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, आणि डब्यात ढीग करून ठेवलेले इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने आणखी तापते. मी एकदा अर्धा डबा कालवून ठेवला आणि त्यातून धूर निघाला. मंद गतीचा हार्डनर घ्यावा, एका वेळी थोडेच कालवावे, ते खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओतावे, आणि मोठे भोक एका दमात न भरता दोन वेळा भरावे. एप्रिलमध्ये हे काम सकाळी दव सुकल्यापासून साडेदहापर्यंत उरकावे. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट, किंचित चिकट पापुद्रा येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या खरखरीत घासणीने धुऊन काढावा आणि नंतरच पॉलिशपेपर मारावा. न धुता घासले तर तो पापुद्रा पृष्ठभागात रगडला जातो आणि पुढचा थर चिकटत नाही.

हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि फायबर घासताना चांगला मास्क लागतोच. इपॉक्सी त्वचेला वारंवार लागले तर पुढे आयुष्यभराची ॲलर्जी होऊ शकते. केबिनमध्ये काम करताना वरची झाकणे उघडी ठेवून पंखा लावावा.

आधारपट्टी

चोवीस तासांनी, साचा जुन्या खुणांवर ठेवून, साडेआठ मिलिमीटरचे भोक सरळ उभे पाडावे. आता खालचे काम. जुन्या नौकांत नटाखाली रुपयाएवढा पातळ वायसर असतो आणि सगळी ओढ तेवढ्या जागेवर येते. त्याऐवजी बैठकीपेक्षा सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठी, सहा मिलिमीटर जाडीची पट्टी खालून द्यावी. यासाठी मला सर्वांत पसंत असलेली वस्तू म्हणजे ग्लास-इपॉक्सी शीट. विजेच्या पॅनेलचे इन्सुलेशनचे सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, हिरवट पिवळसर असते, कुजत नाही, गंजत नाही आणि धातूशी तिचे वैर नाही. तिच्याच शेजारी ठेवलेली तपकिरी बेकेलाइट शीट स्वस्त असते; ती घेऊ नये, कागदी थरांची असल्यामुळे ती पाणी पिते. ॲल्युमिनियमची पट्टी चालते, परंतु ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते. साधे लोखंड तर नकोच.

पट्टीचे कोपरे गोल करावेत, म्हणजे ताण एका टोकावर येत नाही. डेकची खालची बाजू ओबडधोबड असते आणि पट्टी फक्त दोन-तीन उंचवट्यांवर टेकते. म्हणून पट्टी व डेक यांमध्ये दाट इपॉक्सीचा थर देऊन ती हलक्या दाबाने चिकटवावी आणि जादा इपॉक्सी निपटून घ्यावे. बोल्टांना मेण लावून ते तात्पुरते घातले की भोके जुळलेली राहतात आणि बोल्ट अडकून बसत नाहीत.

सीलंट आणि आवळणी

सीलंटची निवड करताना पुढे हे फिटिंग पुन्हा काढावे लागेल का, हा प्रश्न विचारावा. डेकवरच्या बहुतेक फिटिंगच्या बाबतीत उत्तर होकारार्थी असते. त्यामुळे कायम चिकटवणारे कडक पॉलियुरेथेन मी टाळतो. ते धरते उत्तम, पण सोडताना जेलकोट घेऊन सुटते. पॉलिसल्फाइड चांगले, फक्त ते ॲक्रिलिकच्या खिडक्यांना लावू नये, प्लास्टिक तडकते. ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, ही क्लीट आणि खांबांसाठी माझी पहिली निवड आहे, कारण ती कधी सुकत नाही, फिटिंगसोबत ताणली जाते आणि काम करताना घाई करावी लागत नाही. पाण्याच्या रेषेखाली आणि डिझेल-पेट्रोल सांडते तेथे मात्र ती वापरू नये. सिलिकॉनचा वापर डेकवर करूच नये, असे मी आग्रहाने म्हणेन. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन धातूला त्रास देते आणि कोणतेही सिलिकॉन मागे असा थर सोडते की त्यावर पुढे ना रंग धरत, ना दुसरे सीलंट. माझ्या नौकेवर आधीच्या मालकाने एका कारखान्यात करून घेतलेली दुरुस्ती सिलिकॉनची होती. दोन खांबांखालचा तो थर घासून काढायला मला दोन दिवस लागले.

बसवण्यापूर्वी डेकवरच्या भोकांच्या तोंडांना काउंटरसिंक बिटाने दोन-तीन मिलिमीटर उतार द्यावा. या उतारात सीलंट दबून बोल्टाभोवती गोल कडे तयार होते आणि खरा अटकाव तेच कडे करते. सपाट पृष्ठभागातले सीलंट आवळताना बाहेर निघून जाते, उतारातले राहते. पाच मिनिटांचे हे काम वगळून केलेली दुरुस्ती मी तरी अपूर्ण मानतो. मग दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावेत, बैठकीभोवती चिकटपट्टी लावावी, ब्युटाइलची बारीक वळी बोल्टाच्या डोक्याखाली व उतारात गुंडाळावी आणि बैठकीखाली पूर्ण चादर द्यावी. नळीतले सीलंट वापरत असाल तर भरपूर लावावे. हवेतल्या ओलाव्याने सुकणाऱ्या सीलंटची उघडलेली नळी आपल्याकडे फार दिवस टिकत नाही. एका बैठकीत संपेल इतकेच काम काढावे.

आवळताना बोल्ट फिरू देऊ नये. वरच्याने डोके धरायचे, खालच्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचे सीलंटचे कडे तुटते. नळीचे सीलंट असेल तर पहिल्या दिवशी कडेने ते बाहेर येईपर्यंतच हाताने आवळावे, मध्ये मिलिमीटरभर थर राहू द्यावा, आणि ते पूर्ण सुकल्यावर नट आणखी पाव फेरा फिरवावा. पहिल्याच दिवशी पूर्ण आवळावे असे मानणारे अनुभवी लोकही आहेत. दुसऱ्या आवळणीत बोल्ट हलला तर नुकसान होते, हे त्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि एकट्याने काम करणाऱ्याने त्यांचेच ऐकावे. ब्युटाइलला घाई चालत नाही. थोडे आवळावे, दुपारच्या उन्हात ती मऊ होऊन बाहेर आली की संध्याकाळी पुन्हा थोडे आवळावे, असे चार-पाच दिवस करावे. बाहेर आलेली वळी प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढावी. स्टेनलेसच्या नटाला आट्यांवर जाम न होऊ देणारे ग्रीस थोडे लावावे आणि तो यंत्राने वेगात फिरवू नये. स्टेनलेस स्टेनलेसवर घासून तापले की जागीच चिकटते आणि मग बोल्ट कापावाच लागतो.

चेनप्लेट : येथे थांबावे

डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या चेनप्लेट वरील रीतीतून वगळाव्यात. त्या डेकमधून जातात, पण त्यांचा भार खाली केबिनच्या आडव्या भिंतीवर असतो; पट्टी सैल वाटली तर ती भिंत कुजली असण्याची शक्यता मोठी. तार ताणलेली असताना त्यांचा एकही बोल्ट सोडू नये. डोलकाठीला दुसऱ्या दोराने नीट आधार दिल्यावरच, एका वेळी एकच पट्टी, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली काढावी. डेकमधल्या त्यांच्या फटीभोवतीचा गाभा वर सांगितल्याप्रमाणे इपॉक्सीने बंद करावा, पण पट्टी आणि डेक यांच्यात कडक इपॉक्सी भरू नये, कारण भार आल्यावर पट्टी किंचित हलते; तेथे लवचीक सीलंटच हवे. पट्टी डेकच्या जाडीत असते नेमका तेवढाच भाग सर्वाधिक कुरतडला जातो, तो भिंगाने पाहावा आणि केसाएवढी भेग दिसली तरी पट्टी बदलावी.

सर्व फिटिंग बसल्यावर पाण्याच्या नळीने अर्धा तास डेक भिजवावा आणि खाली प्रत्येक नटाभोवती टिपकागद दाबून पाहावा. आतले अस्तर लगेच लावू नये. प्रत्येक नट आणि आधारपट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर सकाळी बॅटरी घेऊन केबिनमध्ये उतरावे, प्रत्येक रेघ आणि प्रत्येक नट पाहावा, आणि सगळे कोरडे असेल तरच अस्तर परत चढवावे.